पट्ट्याचं झाड

नत्थूजी बारापात्रे यांना नागपुरात कोणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की "सरकारी नोकरी" एवढंच सांगून ते मोकळे होत. विचारणारा चिकट निघाला आणि कोणत्या खात्यात म्हणून मागे लागला, तर मात्र पंचाईत. जंगलखातं म्हटलं की समोरचा माणूस एक तर डोळे मिचकावून म्हणे, "मंग आमच्या दरवाजासाठी थोडा साग पाहा ना, साहेब." नाही तर एकदम साधू होऊन म्हणे, "काहून तोडता गा बिचारी झाडं?" पुष्कळदा हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाचे असत. लग्नाच्या एकाच पंगतीत, भाताच्या आधी एक आणि भातानंतर दुसरा.

नत्थूजी मूळचे उमरेडचे. घरात हातमाग. वडिलांच्या मागावरच्या लुगड्यांना नागपूरच्या कापडबाजारात, गांधीबागेत, गिऱ्हाईक होतं, आणि वडील डाव्या काठात एक पिवळा धागा मुद्दाम घालत. आपलं विणलेलं आपल्याला कुठेही ओळखू यावं, एवढीच त्यांची हौस. पण त्या मागावर तीन भावांची पोटं भरेनात, म्हणून नत्थूजी नाकेदार, म्हणजे वनरक्षक, म्हणून जंगलात भरती झाले आणि वीस वर्षांनी वनपाल झाले. त्यांचा मुक्काम उमरेडच्या पलीकडे, सालईटोला नावाच्या जंगलातल्या वस्तीत. टोल्यातले लोक त्यांना शेवटपर्यंत नाकेदारच म्हणत, आणि त्यांनाही ते बरं वाटे. बायको सुभद्रा आणि एकुलती एक पोर गोपिका मात्र नागपुरात, प्रताप नगरच्या नव्या ले-आऊटमधल्या दोन खोल्यांत. शाळा तिथे होती, म्हणून घर तिथे होतं. नत्थूजी पंधरा दिवसांतून एकदा एस.टी.नं यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे. असा बाप पोरीला किती कळणार आणि पोर बापाला किती कळणार?

गोपिका आठ वर्षांची असताना दिवाळीच्या सुटीत एकदा त्यांनी तिला सालईटोल्याला नेलं होतं. तेव्हा सागाच्या रोपवणात विरळणी चालू होती. दाट लावलेल्या सागातली वाकडी, दुबळी झाडं काढायची, म्हणजे उरलेल्यांना ऊन-वारा मिळतो. काढायच्या झाडाची साल बुंध्याशी तासून तिथे सरकारी हातोड्याचा शिक्का मारायचा, अशी पद्धत. पोरगी दिवसभर बापाच्या मागे मागे फिरली.

"बाबा, ह्या झाडाचं आता काय होते?"

"हातोडा पडला म्हंजे त्याचं भरलं, बेटा. आठ दिवसांत कुऱ्हाड."

गोपिकेनं भोकाड पसरलं. मग गुपचूप मागे राहून तिनं एका झाडावरचा शिक्का फ्रॉकनं पुसला आणि वर चिखल थापला. नत्थूजींना इतकं हसू आलं, की ते झाड त्यांनी खरोखरच सोडून दिलं. नंबर बदलला आणि शेजारचं घेतलं. "पोरीनं एक साग वाचवला आमचा," ही गोष्ट ते पुढे दहा वर्षं कौतुकानं सांगत होते. ती कौतुकाची गोष्ट नव्हती, हे कळायलाही त्यांना दहा वर्षंच लागली.

गोपिका कॉलेजात गेली, वनस्पतिशास्त्र घेतलं, आणि दुसऱ्या वर्षाला असताना हिरवळ मंडळाची सभासद झाली. हे मंडळ आनंदराव वकिलांचं. दर रविवारी सकाळी त्यांच्या बंगल्यात बैठक. बसायला सागाचा कोच, वर सागाचं छत, खिडक्या-दारं सागाची, आणि विषय एकच, की जंगलात एकही झाड तुटता कामा नये. वकीलसाहेब माणूस वाईट नव्हते. झाडांवर त्यांचा खरोखर जीव होता. फक्त आपण बसलो आहोत ते कशावर, हे खाली वाकून पाहायची त्यांना सवय नव्हती, आणि ती शहरात तशीही कोणाला असते? तिकडे उत्तरेच्या डोंगरांत बायका झाडांना मिठ्या मारून कुऱ्हाडी अडवतात, अशा बातम्या तेव्हा पेपरात येत होत्या. मंडळाच्या पोरांना वाटे, आपल्यालाही एखादं झाड मिठी मारायला मिळावं.

सन अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याला नत्थूजी घरी जेवायला बसले असताना गोपिकेनं विषय काढला.

"बाबा, यंदा सालईटोल्याचं जंगल तुटणार आहे म्हणे?"

"जंगल नाई तुटत. एक कूप तुटते."

"म्हंजे तेच ना?"

"तेच कसं? हे पाह्य." नत्थूजींनी ताटातल्या पोळीचे तुकडे केले. "जंगलाचे चाळीस हिस्से, एक हिस्सा म्हंजे एक कूप. एका वर्षी एक कूप तोडाचा, मंग चाळीस वर्षं त्याले कोणी हात लावत नाही. खुंटाले फुटवे येतात. पुन्हा जंगल उभं. टोल्याले सरपण भेटते, बल्ल्या भेटतात, अन् जंगलही राहते."

"माणसाचा हात तोडला तर त्याले फुटवा येते का?"

हे वाक्य वकिलांचं होतं. ते कोणाचं आहे हे नत्थूजींना कळलं आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. कुपातली सगळीच झाडं तुटत नाहीत, फळाची आणि बियाण्याची झाडं पट्टा मारून राखतात, हे ते आता सांगणारच होते. शब्द ओठावर आला होता. पण राग आधी आला. ते ताटावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, "तुह्या वकिलाले सांग, आधी आपला सोफा जमिनीत गाडून पाह्य म्हणा, फुटवा येते का ते."

त्यानंतर दोन महिने गोपिका बापाशी बोलली नाही. ते आले की ती मैत्रिणीकडे अभ्यासाला जाई. नत्थूजी सुभद्रेला म्हणत, "जाऊ दे, लहान आहे." आणि एस.टी.त बसले की सबंध वाट खिडकीबाहेर पाहत राहत.

तिकडे सालईटोल्यात कुपाची आखणी सुरू झाली. राखायच्या झाडाला छातीच्या उंचीवर गोल पट्टा मारायचा. मोह, चारोळी, तेंदू, बेहडा आणि बियाण्याचे थोडे साग. दर वर्षी पट्टा डांबराचा असे. त्या वर्षी डेपोतून डांबर आलंच नाही, म्हणून नत्थूजींनी गेरूत डिंक कालवून पट्टे मारून घेतले. डांबर आलं की त्यावरून हात फिरवू, असा हिशेब. नाकेदार गोविंदा सोबतीला होता, आणि पट्टेवाल्या झाडांची यादी नत्थूजी स्वतः रजिस्टरात उतरवत होते.

मोहाची झाडं आली की टोल्यातल्या बायका आपोआप जमत. जंगल सरकारचं, पण मोह घराघरांचे. हा अमकीचा, तो तमकीचा, हे कागदावर कुठेच नव्हतं आणि टोल्यात प्रत्येकाला पाठ होतं. पोरीचं लग्न ठरलं की आईनं पोर-जावयाला आपल्या मोहापाशी न्यायचं, खोडाला हळदीचा दोरा बांधायचा आणि म्हणायचं, हा आता तुझा. सोनं-नाणं कोणाकडे होतं? पोरीला द्यायचं ते हेच. फागुन-चैतात त्याची फुलं वेचायची, वाळवायची, पावसाळाभर पुरवायची.

तुळजाबाईचे दोन मोह या कुपात आले होते. ती विधवा बाई, एकच पोरगी, रुखमा. रुखमाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मोठ्या मोहाला गेरूचा पट्टा पडला तेव्हा तुळजाबाई त्याच्या खोडाला हात लावून उभी राहिली.

"नाकेदार, पक्कं ना गा? वैशाखात दोरा बांधाचा आहे मले."

"पक्कं. जंगल सरकारचं आहे, पण पट्टा पडला म्हंजे सरकारही ह्या झाडाले हात लावत नाही. माही जबान आहे, तुळजाबाई."

त्यांनी आपली जबान दिली ती अशी, दिवसाउजेडी, दहा बायकांसमोर.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नत्थूजींना गोपिकेचं पत्र आलं. 'आईची तब्येत ठीक नाही. शनिवारी नक्की या. दोन-तीन दिवस राहा.' सोमवारपासून कुपात कुऱ्हाड लागणार होती. पण पोरीनं दोन महिन्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. नत्थूजींनी गोविंदाला कामावर लक्ष ठेवायला सांगितलं, रजिस्टर पेटीत घालून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि रजेचा अर्ज न देताच एस.टी. पकडली. अर्ज करायचा तर रेंज ऑफिसला जावं लागलं असतं, आणि शनिवार हुकला असता.

घरी सुभद्रा अंगणात वड्या घालत बसली होती. चांगली ठणठणीत.

"थोडी कणकण होती," ती नजर चुकवून म्हणाली. "पोरगी म्हणे बाबाले बोलावू. मीही म्हटलं, येऊन राहिले तर येऊ द्या."

रविवारी भल्या पहाटे गोपिका कॉलेजच्या ट्रिपला म्हणून गेली आणि दिवेलागणीला परत आली. थकली होती, पण चेहरा उजळला होता. आल्या आल्या तिनं बापाला विचारलं, "बाबा, चहा घेता का?" नत्थूजींना वाटलं, आपल्या कानांनाच काही झालं. चहाचा कप घेताना त्यांना दिसलं, पोरीच्या नखांत लाल काही तरी बसलं होतं. नुकताच कुपभर गेरू कालवलेला माणूस, त्याला ते ओळखू यायला हवं होतं. पण पोरगी बोलत होती, हसत होती, आणि माणूस सुखात असला की आंधळा होतो. सोमवारी ती त्यांना हट्टानं सीताबर्डीवर घेऊन गेली. स्कॉलरशिपच्या पैशांतून तिनं त्यांना चपला घेतल्या. जुन्या तिथेच टाकायला लावल्या. व्हरायटी चौकात दोघांनी उसाचा रस प्यायला. गेल्या कित्येक वर्षांत नत्थूजींचा इतका चांगला दिवस गेला नव्हता, आणि नेमक्या त्याच दिवशी, त्याच वेळी, सालईटोल्यात काय चाललं होतं ते आता सांगितलंच पाहिजे.

रविवार हा टोल्याचा बाजाराचा दिवस. माणूसन् माणूस बाजाराला गेलेला, गोविंदाही. हिरवळ मंडळाची पोरं-पोरी एक बस करून आली. बादल्या, काथ्या, फडकी सगळं सोबत. गोपिकेनं त्यांना सांगितलं होतं, खूण केलेलं झाड म्हणजे मरणारं झाड. जंगलखात्यातल्या माणसाची पोरगी सांगते म्हटल्यावर शंका कोण घेणार? वकीलसाहेबांनीही घेतली नाही. खूण पुसली, की तोडणाऱ्यांना कोणतं तोडायचं ते कळणार नाही आणि काम बंद पडेल, असा सगळ्यांचा साधा विचार. नाल्यातून पाणी आणून त्यांनी दिवसभर पट्टे धुतले. एकेका झाडाला मिठी मारून, गाणी म्हणत. सोमवारी कुऱ्हाड लागणार हे गोपिकेला आईकडून कळलं होतं, आणि बाबांवर आळ नको, ते त्या दिवशी तिथे असायलाच नकोत, म्हणून तिनं ते पत्र लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी ठेकेदाराचा मुनशी मजूर घेऊन कुपात शिरला. त्याला हुकूम एकच ठाऊक होता, पट्ट्याचं सोडा आणि बाकीचं तोडा. पट्टा कुठेच नव्हता. आता मोहासारखं झाड तोडताना कोणाही शहाण्याच्या हाताला थबकावं लागतं, पण थबकण्यात ठेकेदाराचा काय फायदा? टोल्यातल्या बायका आडव्या झाल्या. मुनशी म्हणाला, "पट्टा दाखवा." तुळजाबाईनं आपल्या मोहाच्या खोडावर दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. साल अजून ओली होती. गोविंदाचं तोंडी सांगणं मुनशी मानेना, म्हणून तो पळत नत्थूजींच्या क्वार्टरवर गेला. यादी दाखवली असती तर काम थांबलं असतं. यादी पेटीत, पेटीला सरकारी कुलूप, आणि किल्ली सीताबर्डीवर चपला घेत होती.

मंगळवारी दुपारी नत्थूजी एस.टी.तून उतरले तेव्हा कुऱ्हाडींचा आवाज येत होता. त्यात काही विशेष नव्हतं. विशेष हे, की कुपाच्या वाटेला लागल्यावर त्यांच्या डोक्यावर ऊन आलं. त्या वाटेवर ऊन कधीच येत नसे.

तुळजाबाई मोहाच्या खुंटावर बसली होती. रडत नव्हती. नत्थूजींना पाहून उठलीही नाही.

"आले का साहेब?" ती म्हणाली. नाकेदार म्हणाली नाही. "नव्या चपला चांगल्या दिसून राहिल्या."

"तुळजाबाई, मी... मी नागपूरले होतो. पट्टे कोणं पुसले?"

"ते तुम्हीच सांगा बाप्पा. किल्ली तुमच्यापाशी, यादी तुमच्यापाशी. डांबर सोडून गेरूही यंदाच कसा लागला? अन् काम लागलं त्या दिवशी तुम्हीच नाई." तिनं खुंटावरून हात फिरवला. "तुमची जबान होती, साहेब."

नत्थूजींनी मान खाली घातली. तिथेच, चिरफळ्यांत, त्यांना एक फडकं दिसलं. गेरूनं लालभडक झालेलं, पिळून फेकलेलं. त्यांनी ते उचलून झटकलं. जुन्या लुगड्याचा तुकडा होता. डाव्या काठात एक पिवळा धागा होता.

त्यांच्या आईचं लुगडं. बापानं विणलेलं शेवटचं. गोपिका लहानपणी तेच अंगावर घेऊन झोपायची. सुभद्रेनं ट्रंकेत जपून ठेवलेलं ते फाटकं लुगडं पोरीनं झाडं वाचवायला नेलं होतं. घरातली सगळ्यात चांगली वस्तू तिनं त्यासाठी काढली होती. नखांतला लाल रंग, पत्र, चहा, उसाचा रस, सगळं एकाच वेळी नत्थूजींच्या ध्यानात आलं, आणि पाठोपाठ तो दहा वर्षांमागचा फ्रॉक. चिखल थापलेलं झाड. त्यावर खो खो हसणारे ते स्वतः.

त्यांनी फडक्याची घडी केली आणि खिशात घातली.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, पट्टे कोणी पुसले? नत्थूजी म्हणाले, "गेरू पातळ झाला होता साहेब. दवानं उतरला असन. चूक माही आहे." गेरू दवानं उतरत नाही हे साहेबांनाही कळत होतं. त्यांनी ठेकेदाराशी संगनमत असं लिहिलं. फडकं काढून टेबलावर ठेवलं असतं तर सगळं एका मिनिटात मिटलं असतं, पण मग पोलीस कॉलेजात गेले असते. नत्थूजींनी खिशातला हात बाहेर काढला नाही. फेब्रुवारीत त्यांना घरी बसवण्यात आलं.

गोपिकेनं मात्र त्यांना आधीच, डिसेंबरातच, सगळं सांगून टाकलं होतं. ते चौकशीच्या कागदांसाठी नागपूरला आले, तेव्हा ती त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, मी तुम्हाले फसवलं. पट्टे आम्ही पुसले. तुम्ही मले मारा पाहिजे तर, पण सांगा, झाडं उभी आहेत ना?"

नत्थूजी त्या दिवशी खरोखर हात उचलायच्याच तयारीनं घरात शिरले होते. पण पोरगी वर पाहत होती, आठ वर्षांची असताना पाहत होती तशी.

"आहेत," ते म्हणाले. "उभी आहेत."

हा भित्रेपणा होता की माया होती, ते त्यांनाही ठरवता आलं नाही. खरं म्हणजे दोन्ही होतं. आपण खोटं बोललो हे त्यांना कळत होतं, आणि उद्या सांगू, परवा सांगू, असं करत दिवस गेले. नोकरी गेली तेव्हा गुडघे दुखतात म्हणून सोडली असं त्यांनी घरात सांगितलं. गोपिकेनं त्याचा वेगळाच अर्थ लावला. बाबांना आपलं पटलं! बाबांनी झाडं तोडायची नोकरी सोडली! तिनं मंडळात सांगितलं, आणि पुढच्या रविवारी आनंदराव वकिलांनी नत्थूजींना बंगल्यावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. सागाच्या कोचावर बसून, मांडीवर नारळ धरून, नत्थूजींनी अर्धा तास आपली स्तुती ऐकली. "जंगलाची हाक ऐकणारा एक तरी माणूस त्या खात्यात निघाला," वकीलसाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. गोपिका सगळ्यात जोरात वाजवत होती. घरी येऊन नत्थूजींनी ती शाल आपल्या ट्रंकेत घातली, फडक्याच्या वर.

चैत लागला. नत्थूजींच्या घरासमोरच्या प्लॉटवर बंगल्याचं काम सुरू झालं. पाया झाला, भिंती छातीपर्यंत आल्या, चौकटींसाठी सागाच्या फळ्या येऊन पडल्या. उन्हं करपवत होती. विटा वाहणाऱ्या बायांना पाणी देण्याचं काम गोपिकेनं आपणहून अंगावर घेतलं होतं. एका दुपारी ती लोटा-बादली घेऊन गेली तेव्हा दोन नव्या बाया आल्या होत्या, एक म्हातारपणाकडे झुकलेली आणि एक तिची पोरगी असावी अशी. नत्थूजी फाटकाशी उभे होते. म्हातारीनं ओंजळ पुढे केली, सहज मान वर करून विचारलं, "कोणत्या घरची वं तू?" गोपिकेनं बोट दाखवलं.

तुळजाबाईनं फाटकाकडे पाहिलं आणि ओंजळ सोडली.

"ह्या घरचं पाणी मले नाई चालत, बेटा."

"काहून, मावशी?"

"बापाले विचार तुह्या. आमचे मोह विकले त्यानं ठेकेदाराले. दोनशे झाडं होती पट्ट्याची. पट्टे पुसून टाकले रातोरात. एक नाई राहिलं." तिनं शेजारच्या पोरीकडे हात केला. "हिचं वैशाखात लगन होतं. मोह नाई त लगन कायचं? म्हणून आलो विटा वाहाले."

गोपिकेनं लोटा खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "मावशी, पण पट्ट्याची झाडं तर तोडाची असतात ना?"

"कोणं सांगतलं तुले? हातोड्याची तोडतात. पट्ट्याची राखतात. टोल्यातलं शेंबडं पोरही सांगीन."

गोपिकेनं मागे वळून बापाकडे पाहिलं. नत्थूजी रस्ता ओलांडून आले. इतके दिवस ज्याची भीती होती ते झालं होतं, आणि आता भ्यायला काही उरलं नव्हतं. ते पोरीच्या जवळ येऊन फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुह्यी चूक नाई, बेटा. हातोड्याचं झाड जाते हे मीच तुले शिकवलं होतं. पट्ट्याचं राहते, हे शिकवाचं राहून गेलं. ताटावरून उठलो मी त्या दिवशी."

गोपिका वळली. ती खाली, विटांच्या भुकटीत, तुळजाबाईच्या पायांपाशी बसली.

"मावशी, बाबांनी नाई पुसले. मी पुसले पट्टे. मी अन् माह्या कॉलेजच्या पोरांनी. आम्हाले वाटलं झाडं वाचतील. बाबा तर नागपुरात होते, मीच खोटं पत्र लिहून बोलावलं होतं त्यांना. मी पुसले, मावशी. ह्या हातांनी."

तुळजाबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतला राग हळूहळू उतरला, पण तिथे जे आलं ते गोपिकेला हवं होतं ते नव्हतं.

"पाहा साहेब," तुळजाबाई नत्थूजींना म्हणाली, "पोरगी कशी भेटली तुम्हाले! बापाचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राहिली. माह्या रुखमीनंही माह्यासाठी असंच केलं असतं."

"नाई मावशी, खरंच सांगून राहिली मी! बाबा, तुम्ही सांगा ना!"

नत्थूजींनी खाली ठेवलेली बादली उचलली. सांगून काय होणार होतं? त्यांची जबान त्या बाईपाशी कधीच संपली होती. ट्रंकेतलं फडकं आणून दाखवलं असतं तरी ती म्हणाली असती, घरचंच लुगडं, घरच्याच धन्यानं नेलं असणार.

"उठ वं बेटा," तुळजाबाईनं गोपिकेच्या डोक्यावर हात ठेवला. "देव तुह्यं भलं करो. तुह्या बापाच्या हातचं नाई चालत मले. तुह्या हातचं चालते. वाढ पाणी."

तिनं पुन्हा ओंजळ धरली आणि खाली वाकली. रुखमाही तिच्या शेजारी वाकली. गोपिकेनं बादलीतून लोटा भरून घेतला. दोघींचं पिणं होईपर्यंत ती पाणी वाढत राहिली. नत्थूजी बादली धरून बाजूला उभे होते.